श्रोता जेव्हा वक्ता होतो : आरोग्यसेविकांसाठी होणाऱ्या शिक्षणप्रसारणांच्या भाषेचा विचार

१

प्रसारित होणाऱ्या शैक्षणिक भाषणाचे परीक्षण करावयाचे झाले म्हणजे सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात. सांगितलेला मजकूर बिनचूक आहे काय, हा पहिला. आणि तो श्रोत्यांना समजला काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर विषयतज्ज्ञाने द्यावयाचे असते, दुसऱ्याचे शिक्षणशास्त्रज्ञाने. भाषेच्या अभ्यासकाला या परीक्षणात फारसे स्थान नसते. फार तर संहिता तयार झाल्यावर ‘भाषा तेवढी सोपी करून द्या’ अशी विनंती त्याच्याकडे येते. आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांसाठी निरंतर शिक्षणाची जी प्रसारणे होतात त्यांच्या बाबतीत या दोन कसोट्या अपुऱ्या पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत येथे सकारण मांडावयाचे आहे आणि तिसरी एक कसोटी सुचवावयाची आहे. ‘प्रसारण’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. आकाशवाणीवरील भाषण, उपग्रहाद्वारे दाखविला जाणारा पाठ आणि हल्ली सर्रास होणारी दूरदृश्य प्रशिक्षणे या सर्वांचा त्यात समावेश होतो.

तिसरी कसोटी आवश्यक ठरण्याचे कारण साधे आहे. शेतकरी शेतीविषयक भाषण ऐकतो आणि शेतात काम करतो. डॉक्टर व्याख्यान ऐकतो आणि रुग्णास औषध लिहून देतो. परंतु आशा कार्यकर्ती ऐकते आणि बोलते. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले व दर हजार लोकवस्तीमागे त्याच वस्तीतील एक स्त्री या कामासाठी निवडण्याचे धोरण अमलात आले. देशात आज अशा दहा लाखांच्या आसपास कार्यकर्त्या आहेत. त्यांच्या पिशवीत थोडी औषधे, वजनकाटा, तापमापक व नोंदवही असते. पण त्यांचे मुख्य साधन बोलणे हेच होय. सकाळी जे ऐकले ते दुपारी कोणाच्या तरी ओसरीवर बसून, बाळंतिणीला आणि तिच्या सासूला सांगावयाचे असते. म्हणजे या प्रसारणाचा श्रोता हा अंतिम श्रोता नव्हे. तो पुढच्या संभाषणातील वक्ता आहे. तेव्हा ऐकलेले तिला समजले काय, एवढेच विचारून भागत नाही. ऐकलेले तिला पुन्हा बोलता येते काय, हे विचारावयास हवे. या गुणास आपण ‘पुनरुक्तिक्षमता’ म्हणू. बहुसंख्य शिक्षणप्रसारणांची भाषा या कसोटीला उतरत नाही, आणि हा दोष शब्दांच्या अवघडपणापेक्षा खोल आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम थोडा इतिहास पाहू. श्रोत्याने केवळ ऐकावे ही कल्पना या क्षेत्राच्या आरंभी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी वैद्यकीय महाविद्यालयाने १९५५ मध्ये डॉक्टरांसाठी दुतर्फा रेडिओवर चर्चासत्रे सुरू केली. निरनिराळ्या रुग्णालयांत जमलेले डॉक्टर व्याख्यान ऐकत आणि रेडिओवरूनच व्याख्यात्यास प्रश्न विचारीत. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली; दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम मंडळी एकत्र बसून ऐकत, नंतर आपसांत चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे कळवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले. हा प्रयोग शेतकऱ्यांसाठी होता, आरोग्यसेविकांसाठी नव्हे. परंतु ऐकण्याइतकेच ऐकल्यानंतरच्या बोलण्याला त्यात महत्त्व होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. पुढे १९९६ मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात उपग्रहाच्या साह्याने जो विकाससंज्ञापनाचा प्रकल्प झाला त्यात चित्र एका दिशेने व आवाज दोन्ही दिशांनी जाण्याची सोय होती.

याच संदर्भात मराठी मुलखातील एका जुन्या परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात गाडगेबाबांचे निधन झाले. स्वच्छता, व्यसनमुक्ती, शिक्षण हे त्यांच्या कीर्तनाचे विषय. पण त्या कीर्तनाची खरी ताकद त्याच्या रचनेत होती. बाबा वऱ्हाडीत प्रश्न विचारीत आणि उत्तर समुदायाकडून वदवून घेत. घरी जाताना श्रोत्याच्या तोंडी जे वाक्य असे ते त्याने स्वतः उच्चारलेले असे. पुनरुक्तिक्षमतेचा याहून चांगला नमुना सार्वजनिक आरोग्याच्या मराठी भाषणांत सापडणे कठीण आहे.

आज साधने कितीतरी सुधारली आहेत. तालुक्याच्या सभागृहात पडद्यावर तज्ज्ञ दिसतो, त्यालाही सभागृह दिसू शकते. तरीही सभेच्या आरंभी पहिली सूचना येते ती ‘सर्वांनी आपापले माइक बंद ठेवावेत’ ही. यंत्र दुतर्फा झाले आणि भाषा मात्र एकतर्फी राहिली, असा हा विपर्यास आहे.

३

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी अशा एका प्रसारणाला श्रोत्यांमध्ये बसण्याचा योग आला. विषय नवजात बालकांतील धोक्याच्या लक्षणांचा होता. तज्ज्ञ ‘सायनोसिस’ म्हणाले. पडद्यावर ‘नीलवर्णता’ असे उमटले. माझ्या शेजारच्या आशाताईंनी दोन्ही शब्द वहीत नीट उतरवून घेतले आणि खाली आपल्या अक्षरात लिहिले, ‘ओठ, नखं निळी’. त्या तीन ओळींत आपला संपूर्ण विषय सामावलेला आहे. पहिला शब्द वैद्यकाचा, दुसरा कार्यालयाचा आणि तिसरा तिच्या कामाचा. पहिले दोन तिला मिळाले. तिसरा तिचा तिने घडविला. प्रसारणाने तिला जे द्यावयास हवे होते ते तिने स्वतःच निर्माण केले, आणि त्याची दखल कोणी घेतली नाही.

येथे भाषांतर सरळ होते म्हणून काही बिघडले नाही. सर्वत्र तसे होत नाही. त्याच प्रसारणात ‘छाती आत ओढली जाणे’ या लक्षणाचा उल्लेख झाला. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले गेले तेव्हा एकीने दुसरीला विचारले, ‘म्हणजे आपण पोट उडतं म्हणतो तेच ना गं?’ दुसरी म्हणाली, ‘तेच असेल.’ हा प्रश्न अत्यंत योग्य होता. ‘पोट उडणे’ हा घरगुती प्रयोग बाळाच्या जलद श्वासाला लावला जातो, छाती आत ओढली जाण्यालाही लावला जातो आणि पुष्कळदा दोहोंत भेद न करता वापरला जातो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी लक्षणे आहेत. लहान अर्भकाची छाती तीव्रतेने आत ओढली जात असेल तर त्यास तातडीने रुग्णालयात पाठवावे लागते. म्हणजे लोकभाषेतील एका शब्दाचा अर्थविस्तार शास्त्रीय परिभाषेतील दोन संज्ञांना व्यापून राहिला आहे. अर्थविचाराच्या अभ्यासकाला ही घटना नवी नाही. परंतु येथे तिचा परिणाम एका बाळाच्या जिवापर्यंत पोहोचतो. त्या आशाताईंचा प्रश्न माइकपर्यंत पोहोचता तर तज्ज्ञांना अर्ध्या मिनिटात सांगता आले असते की, ‘पोट उडते’ असे घरचे म्हणाले तर तुम्ही कपडा दूर करून बरगड्यांच्या खाली पाहा. तो प्रश्न डब्याबरोबरच मिटला.

यावरून ‘सोपे शब्द वापरा’ हा नेहमीचा उपदेश किती तोकडा आहे ते ध्यानात येईल. ‘अतिसार’ऐवजी ‘जुलाब’, ‘प्रसूती’ऐवजी ‘बाळंतपण’, ‘स्तनपान’ऐवजी ‘अंगावर पाजणे’ असे शब्द बदलल्याने ऐकणे सुकर होईल. पण सेविकेला आवश्यक असते ते दोन शब्दव्यवस्थांमधील नाते: कोणत्या घरगुती शब्दामागे कोणती लक्षणे दडलेली असू शकतात आणि ती वेगळी कशी ओळखावयाची. ‘जलसंजीवनी’ हा शब्द रुळला आहे. पण ती एक लिटर पाण्यात करावयाची, आणि त्या घरातील तांब्यात किती पाणी मावते हे आधी मोजून पाहावयाचे, हे नाते शब्दकोशात नसते. ते शिकवावे लागते.

४

शब्दांपेक्षाही संख्यांच्या बाबतीत ही अडचण अधिक सूक्ष्म आहे, कारण संख्या सर्वांना समजतात असा आपला समज असतो. नवजात बालकाच्या गृहभेटींचे वेळापत्रक घ्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जावयाचे असते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. जन्माचा दिवस हा पहिला दिवस धरावयाचा. बाळ सोमवारी जन्मले तर ‘तिसऱ्या दिवशी’ म्हणजे बुधवारी. हेच वाक्य निवेदकाच्या तोंडी सहज ‘तीन दिवसांनी’ असे होते, आणि ‘तीन दिवसांनी’ म्हणजे गुरुवार. क्रमवाचक संख्या आरंभीचा दिवस धरून मोजते, अवधिवाचक रचना तो सोडून मोजते. मराठीच्या व्याकरणात हा भेद स्पष्ट आहे; बोलण्याच्या ओघात तो राहत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो, नोंदवहीची तारीख मध्यरात्री. मंगळवारी पहाटे दोनला जन्मलेले बाळ आजीच्या हिशेबाने सोमवारचे असते. पाचवी आणि बारसे यांचे दिवस त्याच हिशेबाने धरले जातात. आशाने ‘कितवा दिवस आज?’ असे घरात विचारले तर उत्तर आजीच्या गणनेतून येईल. हा एका दिवसाचा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात, हे लक्षात घेतले म्हणजे एका दिवसाची किंमत कळते.

श्वासाच्या गणनेतही असेच होते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या आतील मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो जलद मानावयाचा. ‘साठच्या वर’ असे म्हटले की साठ वगळले जातात. ‘दोन महिन्यांपर्यंत’ असे म्हटले की बरोबर दोन महिन्यांचे मूल कोणत्या गटात, ते ऐकणाऱ्याने ठरवावयाचे. ‘दोन महिने पूर्ण न झालेले बाळ, आणि साठ किंवा साठाहून जास्त श्वास’ असे सांगितले तर वाक्य थोडे लांबते, पण ते पुन्हा उच्चारले तरी बिघडत नाही. गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेत अभय व राणी बंग यांनी निरक्षर सुईणींनाही श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचे घड्याळ व मणी असलेले एक साधे श्वासमापक तयार केले; त्याची माहिती १९९२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाली. मोजणाऱ्या व्यक्तीच्या हाताला काय पेलेल, याचा विचार त्या साधनात आधी केलेला आहे. बोलणाऱ्या व्यक्तीच्या जिभेला काय पेलेल, याचा तितकाच विचार प्रसारणाच्या वाक्यात व्हावयास हवा.

५

आता वाक्यरचनेकडे वळू. पुढील वाक्य मी स्वतः रचलेले आहे, परंतु या वळणाची वाक्ये ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ते अनोळखी वाटणार नाही: ‘नवजात बालकास जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करण्याबाबत मातेचे समुपदेशन करण्यात यावे व सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपानाचे महत्त्व कुटुंबीयांना पटवून देण्यात यावे.’

वाक्यात चूक काही नाही. पण हे समुपदेशन कोणी करावयाचे? ‘करण्यात यावे’ या रचनेत कर्ता नाही. शासकीय पत्रव्यवहारात ही रचना सोयीची असते, कारण तेथे आज्ञा पदाला उद्देशून असते, व्यक्तीला नव्हे. ती भाषणात आली की समोर बसलेल्या शंभर स्त्रियांपैकी कोणालाच उद्देशून काही बोलले गेले नाही, असा परिणाम होतो. सर्वनामांचीही हीच कथा. मराठीत ‘आम्ही’ हे ऐकणाऱ्यास वगळते आणि ‘आपण’ त्यास सामावून घेते. पण तेच ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही काम करते. ‘आपण गृहभेट वेळेवर द्यावी’ यातील ‘आपण’ दिसावयास आदराचे आहे. प्रत्यक्षात ते अंतर राखते. ‘बाळ गार लागले तर आपण काय करतो? आधी त्याला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावतो’ यातील ‘आपण’ वक्त्याला आणि सेविकेला एकाच कामात उभे करते. दोन वाक्यांतील फरक सौजन्याचा नसून नात्याचा आहे.

सर्वात विचार करण्याजोगे क्रियापद मात्र ‘पटवून देणे’ हे आहे. ‘पटणे’ या क्रियापदाचा अनुभव घेणारा मराठीत चतुर्थीत येतो: ‘मला पटते’, ‘सासूबाईंना पटले नाही’. ज्याला पटते तो त्या क्रियेचा कर्ता नसतो. पटणे त्याच्या ठायी घडते किंवा घडत नाही. अशा क्रियेची आज्ञा देता येत नाही, मग तिचे प्रयोजक रूप कर्मणी विध्यर्थात घालून ‘पटवून देण्यात यावे’ म्हणणे किती पोकळ आहे ते सांगावयास नको. प्रत्यक्षात ओसरीवर काय घडते? आशा सांगते, ‘सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको.’ आजी म्हणते, ‘अगं पोरी, वैशाखाचं ऊन आहे. घसा सुकेल की लेकराचा!’ आजीचा आक्षेप प्रेमाचा आहे आणि तिच्या अनुभवात तो सयुक्तिकही आहे. या क्षणी ‘निव्वळ स्तनपानाचे महत्त्व’ हा शब्दसमूह आशाच्या काही उपयोगाचा नाही. तिला हवे असते ते उत्तर: ‘आजी, आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. ऊन वाढलं तर बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायचं, आणि पाणी आईला भरपूर द्यायचं.’ आईच्या दुधात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते, ही वस्तुस्थिती प्रसारणात सांगितली जातेही. पण ती आकडेवारी म्हणून, आजीला द्यावयाचे उत्तर म्हणून नव्हे.

एर्व्हिंग गॉफमन यांनी ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ (१९८१) या ग्रंथात बोलणाऱ्याच्या तीन भूमिका वेगळ्या केल्या आहेत: शब्द उच्चारणारा, शब्द जुळविणारा आणि ज्याची भूमिका त्या शब्दांतून मांडली जाते तो. आरोग्य विभागाची भूमिका आशा आपल्या तोंडाने मांडते, यात वाद नाही. प्रसारण तिला केवळ उच्चारणारी समजते, ही चूक आहे. ओसरीवर शब्द जुळविणारीही तीच असते. तिची ही दुसरी भूमिका मान्य केली की शिक्षणाचा आशय आपोआप बदलतो. माहितीच्या जोडीला आक्षेप आणि उत्तरे येतात.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परिभाषेत एकवाक्यता हवीच. नोंदवह्या, अहवाल आणि डॉक्टरांशी होणारा व्यवहार ‘पोट उडणे’ या शब्दावर चालणार नाही. हा आक्षेप योग्य आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, त्यामागे मराठीतून राज्यकारभार करण्याची रास्त आकांक्षा होती. प्रमाण परिभाषा टाकून द्यावी असे येथे कोणी म्हणत नाही. सेविकेला दोन्ही दिशांनी बोलावे लागते: घराकडे एका भाषेत, दवाखान्याकडे दुसऱ्या. आजचे प्रसारण तिला दवाखान्याची बाजू शिकविते आणि घराची बाजू तिला येतेच असे गृहीत धरते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. महाराष्ट्रातील बोली अनेक. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, नंदुरबारकडे भिलीचे निरनिराळे प्रकार. तेथील सेविकेला प्रमाण मराठी ऐकून पूर्णतः वेगळ्या भाषेत बोलावयाचे असते. एका केंद्रावरून निघणारे प्रसारण इतक्या भाषांत कसे बोलेल? ते बोलू शकणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष प्रचलित प्रथेच्या उलट आहे. केंद्राला घरची भाषा माहीत नसेल तर ती ज्यांना माहीत आहे त्यांना बोलू देणे, एवढाच मार्ग उरतो. १९५६ च्या मंडळांप्रमाणे प्रसारणाचा अर्धा वेळ ऐकण्याला आणि अर्धा आपल्या भाषेत ते सांगून पाहण्याला दिला तर भाषांतराचे काम योग्य हाती जाईल.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. नेपाळमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवर दोन मालिका जोडीने चालत. एक सामान्य कुटुंबांसाठी. तिच्या शीर्षकातील नेपाळी म्हणीचा शब्दशः अर्थ ‘घसा पाहून हाड गिळावे’ असा आहे, आपल्याकडील ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीच्या जवळचा. दुसरी मालिका ‘सेवा गरे मेवा पाइन्छ’ ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होती आणि लोकांशी कसे बोलावे हाच तिचा गाभा होता. न्यू मेक्सिको विद्यापीठात संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘एको’ या पद्धतीत ग्रामीण भागातील चिकित्सक प्रथम आपला रुग्ण तज्ज्ञांपुढे मांडतो आणि शिकविणे त्यानंतर सुरू होते. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या पद्धतीने दूरच्या केंद्रांवर झालेले हिपॅटायटिस-सीचे उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच फलदायी ठरले. दोन्ही उदाहरणांत ज्याला शिकवावयाचे त्याच्या बोलण्याला शिक्षणाच्या रचनेतच जागा आहे.

७

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी यात एक संशोधनविषय आहे, तो नोंदवून हा लेख संपवितो. प्रसारणाची संहिता मिळविणे सोपे असते आणि म्हणून अभ्यास तिचाच होतो. त्याऐवजी एकाच प्रसारणाच्या तीन अवस्था नोंदवाव्यात: तज्ज्ञ काय बोलला, सेविकेने वहीत काय लिहिले आणि दोन दिवसांनी, संबंधितांच्या संमतीने, तिने घरात काय सांगितले. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेत जे शब्द आले त्यांचा एक छोटा कोश, जिल्हावार, करावा. ‘पोट उडणे’ यासारख्या प्रयोगांच्या अर्थव्याप्तीची चर्चा वैद्यकाच्या अभ्यासकांबरोबर बसून करावी. हे काम बोलीभाषांच्या अभ्यासाचे आहे, अर्थविचाराचे आहे, आणि ते अन्य कोणी करील अशी चिन्हे नाहीत.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्त्यांचा गौरव केला. समाजाला आरोग्यव्यवस्थेशी जोडण्याचे त्यांचे कार्य त्या वेळी वाखाणले गेले. हे जोडणे ज्या वाक्यांनी घडते ती वाक्ये मात्र अद्याप कोणी ऐकून घेतलेली नाहीत. पुढील प्रसारणात माइक बंद ठेवण्याची सूचना येईल तेव्हा, तो निदान दहा मिनिटे उघडा ठेवावा आणि आशाताईंनी आज घरी जाऊन काय सांगणार ते सांगून दाखवावे, एवढी मागणी भाषेच्या अभ्यासकाने करावयास प्रत्यवाय नसावा.